ओंडका हौद्यात चढल्यावर

चिंचणीत झाड उतरवणारा माणूस मिळायला अडचण पडत नाही. दोर आणि कोयता घेऊन माडावर सरसर चढणारी माणसं या किनारपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अलीकडे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात पेट्रोलवर चालणारी चेनसॉही आली आहे. घोळ सुरू होतो तो झाड जमिनीवर आल्यानंतर. ते कुणाच्या गाडीतून जाणार, त्या गाडीत किती बसणार, ती चालवणाऱ्याचं लायसन कसलं आणि वाटेत कुणी हात केला तर दाखवायचं काय? या धंद्यात नवखा ठेकेदार कापण्याच्या यंत्रावर खूप विचार करतो आणि गाडी मात्र मेहुण्याची मोकळी उभी आहे म्हणून घेतो. पुढे पैसा बुडतो तो बहुतेक वेळा गाडीपायी.

गावाची ठेवण आधी पाहू, कारण गाडी ती ठरवते. चिंचणी डहाणू तालुक्याच्या दक्षिण टोकाला आहे. खाडीपलीकडे तारापूर, तिथून पुढे बोईसर आणि तिथली एमआयडीसी, पूर्वेला वाणगाव, उत्तरेला वरोर आणि वाढवण. समुद्राकाठी सुरूची बनं, गावठाणात माड आणि ताड, वाड्यांमध्ये चिकू, आंबा, जांभूळ, चिंच. झाडकामाची मागणी तीन दिशांनी येते. वाडीवाल्याला जुनी, दाट झालेली झाडं हलकी करून हवी असतात. घरवाल्याला कौलांवर झुकलेला माड उतरवून हवा असतो. बोईसरच्या कारखान्यांना आवारातली झाडं पावसाआधी छाटून हवी असतात. तिन्ही कामांचा माल वेगळा, रस्ता वेगळा आणि कागदही वेगळे.

चौथी मागणी अवचित येते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. प्रत्यक्ष जमिनीवर ते आलं पलीकडे सौराष्ट्रात, पण पालघर-डहाणूच्या वाड्यांना त्याच्या वाऱ्याने चांगलंच झोडपलं. अशा दिवशी ज्याच्याकडे चालू स्थितीतली गाडी, तोच ठेकेदार. बाकीचे नुसते यंत्रवाले.

आता वजनाकडे येऊ, कारण डोळा तिथेच फसतो. सुरूचा एक ओंडका घ्या, फूटभर व्यासाचा आणि दहा फूट लांबीचा. म्हणजे व्यास ३० सेंटीमीटर, लांबी ३ मीटर. आकारमान भरतं सुमारे ०.२१ घनमीटर. ताजं कापलेलं सुरूचं लाकूड घनमीटरला टनाच्या आसपास धरायला हरकत नाही. ते भारी लाकडांतलं आहे आणि ओलं असताना आणखी भारी. तेव्हा हा एकटा ओंडका दोनशे किलोच्या वर जातो. दोन गडी त्याला लोळवू शकतात, उचलू शकत नाहीत. पूर्ण वाढलेल्या एका सुरूचं नुसतं खोड टनाच्या पुढे सहज सरकतं. उलट, आंब्याची छाटणी केली तर पाला-फाट्याने हौदा शिगोशीग भरतो, वर ताडपत्री बांधावी लागते, आणि वजनकाट्यावर नेलं तर आकडा किरकोळ निघतो.

ओंडका आणि पाला हे एकाच झाडातून निघणारे दोन माल एका गाडीत नीट बसत नाहीत. पाल्याला उंच बाजूंचा मोठा हौदा लागतो, ओंडक्याला भक्कम पाटे आणि मजबूत तळ. जाणते ठेकेदार पाला शक्यतो वाडीतच जिरवतात. चिकूच्या वाडीत तो आळ्यात पसरला की आच्छादन होतं आणि वाडीवालाही खूश. नेण्याजोगं लाकूड तेवढं गाडीत चढतं. एक फेरी वाचणं म्हणजे डिझेल तर वाचतंच, पण सकाळी भरलेली गाडी दुपारी पुन्हा रिकामी मिळते, आणि रोजंदारीवरची माणसं बसून राहत नाहीत.

गाड्यांमध्ये पहिलं नाव अर्थातच छोटा हत्ती. टाटा एस २००५ साली बाजारात आली आणि भारतातल्या गल्लीबोळांची मालवाहतूक तिने बदलून टाकली. दोन सिलिंडरचं इंजिन आणि पाऊण टनाच्या आसपास माल. वरच्या हिशेबाने सुरूचे साडेतीन ओंडके. एवढं ऐकून लोक तिला नावं ठेवतात, पण चिंचणीच्या जुन्या आळ्यांत, जिथे दोन ओट्यांच्या मधून वाट काढावी लागते, तिथे दुसरी गाडी शिरतच नाही. नारळाच्या झावळ्या, फांद्या, यंत्रं, दोर, शिडी आणि पेट्रोलचा कॅन यांसाठी ती पुरते. फक्त तिच्यावर खोडं लादू नयेत. मागे भार जास्त झाला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी हातात राहत नाही.

पिकअप ही मधली पायरी. हौदा आठ-नऊ फुटांचा, माल मॉडेलप्रमाणे टन-सव्वा टन ते दीड टन किंवा थोडा वर, आणि बोईसरच्या कोणत्याही गॅरेजात हिचा मिस्त्री मिळतो. ही शेवटची बाब छोटी वाटेल. पण मेमध्ये, कामाच्या ऐन गर्दीत गाडी चार दिवस पार्टची वाट पाहत उभी राहिली तर वर्षाच्या कमाईला भोक पडतं. एकच गाडी घ्यायची ऐपत असेल तर माझं मत पिकअपच्या बाजूने.

त्यावरची गाडी चारशेसात. टाटा ४०७ हे १९८६ सालचं मॉडेल, आणि तरी जुन्या बाजारात तिला अजून गिऱ्हाईक आहे. खोडांच्या कामाला ती खरी. पण चिंचणीसारख्या ठिकाणी जुनी गाडी घेताना एक पथ्य पाळावं: गाडी आधी मासळी वाहत होती का, हे विचारावं. बर्फाचं आणि मासळीचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर गळत राहतं. रंग मारलेला असतो, आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. फाळका उघडून त्याच्या बिजागऱ्या हलवून पाहाव्यात, हौद्याखाली वाकून आडव्या पट्ट्यांवर हातोडीने ठोकून पाहावं. लोखंडाचा आवाज खणखणीत यायला हवा. दबका, भसभशीत आवाज आला की मालक कितीही गोड बोलला तरी उठून यावं.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मोह मात्र सगळ्यांनाच पडतो. ती वाडीत चिखलातून जाते, सुरूच्या बनाजवळच्या वाळूत पिकअपची चाकं रुततात तिथेही ती निघते, आणि गावात कुणाकडे ना कुणाकडे असतेच. वाडीतून रस्त्यापर्यंत ओंडके ओढून आणायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण शेतीसाठी म्हणून नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने लाकूड वाहत बोईसरच्या रस्त्यावर आला की त्याचा शेतीचा मुखवटा गळतो. कर, नोंदणी आणि विमा हे सगळं शेतीकामाच्या हिशेबाने घेतलेलं असतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, ट्रॉलीत काय होतं आणि ते कुणाचं होतं? तेव्हा ट्रॅक्टरने वाडीच्या फाटकापर्यंत आणायचं आणि फाटकापासून पुढे टेम्पोने न्यायचं, हीच विभागणी शहाणपणाची.

क्रेन विकत घेण्याचा विचार नव्या ठेकेदाराने करू नये. कारखान्यांमुळे बोईसर भागात हायड्रा क्रेन तासावर भाड्याने मिळते. घराच्या छपरावर कललेलं खोड दोराने उतरवण्याऐवजी एक तास हायड्रा बोलावणं परवडतं, आणि तिची देखभाल, तिचा ऑपरेटर, तिचे कागद ही सगळी डोकेदुखी दुसऱ्याची राहते.

गाडी पसंत पडली की आर.सी.वरचा एक आकडा वाचायचा. गाडीचं स्वतःचं वजन, माल आणि बसलेली माणसं मिळून जास्तीत जास्त किती, तो हा आकडा. बोलीभाषेत पासिंगचं वजन. कायद्याच्या सगळ्या रेषा त्यावरूनच ओढलेल्या आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागतं, पण हे एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर त्यातून सूट आहे. छोटा हत्ती या रेषेच्या आत आरामात बसतो. चारशेसात बाहेर. पिकअपचं मात्र पाहून सांगावं लागतं. नाव तेच, रूप तेच, आणि दोन मॉडेलं रेषेच्या दोन बाजूंना पडतात. शोरूमवाला 'जास्त माल बसतो' एवढंच सांगतो. जास्त माल बसतो म्हणून परमिटही लागतं, हे वाक्य तो गिळतो. आणि परमिटातून सूट म्हणजे सगळ्यातूनच सूट, असंही नव्हे. पिवळी पाटी, फिटनेस, कर, विमा आणि पीयूसी ही छोट्या हत्तीलाही चुकत नाहीत.

दुसरी रेषा ७,५०० किलोंची, आणि तिच्यामागे न्यायालयाची लांबलेली कहाणी आहे. हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्ही चालवण्याचं लायसन असलेल्या माणसाने पिवळ्या पाटीचा टेम्पो चालवला तर चालतं का? कायद्याच्या व्याख्येत साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडीही हलकंच वाहन आहे. पण लायसनवर 'ट्रान्सपोर्ट'चा वेगळा शिक्का हवा, असं म्हणत विमा कंपन्या अपघाताचे दावे अडवत. २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी वेगळा शिक्का नको असा निकाल दिला. कंपन्यांनी तो पुन्हा उकरून काढला, प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तोच निकाल कायम केला. म्हणजे एकूण वजन ७,५०० किलोंच्या आत असेल तर साधं एलएमव्ही लायसन पुरतं. चिंचणीच्या ठेकेदारासाठी याचा अर्थ सरळ आहे. छोटा हत्ती, पिकअप, चारशेसात या तिन्ही गाड्या त्याच लायसनवर चालतात. त्याहून मोठा आयशर घेतला की लायसन बदलतं आणि ड्रायव्हरचा पगारही.

यात एक खाच आहे आणि तिच्यात पुष्कळ घरं अडकतात. एलएमव्ही लायसन अठराव्या वर्षी मिळतं, पण कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वीस वर्षांखालच्याने सार्वजनिक रस्त्यावर मालवाहू गाडी चालवायची नाही. एकोणीस वर्षांचा पुतण्या हात कितीही साफ असला, खिशात लायसन असलं, तरी टेम्पोच्या स्टिअरिंगवर त्याला बसवता येत नाही. घरच्या धंद्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो कारमध्ये रोज बसतोच.

माणसांचं काय? झाडकामाला चार-पाच गडी लागतात आणि सकाळी ते हौद्यात उभे राहूनच कामावर जातात. हे दृश्य इतकं रोजचं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मालवाहू गाडीतल्या प्रवाशाला विम्याचं संरक्षण नसतं. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हे ठाम सांगितलं. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला जागा आहे, गाडीवर कामाला असलेल्या माणसांचा विचार कामगार-भरपाईच्या वाटेने होतो. वाटेत हात दाखवून चढलेल्या शेजाऱ्याचा होत नाही. भरपाई अखेर गाडीमालकाच्या खिशातून जाते आणि ती टेम्पोच्या किमतीहून मोठी असू शकते. म्हणून ज्यांना जमतं ते डबल केबिनची गाडी घेतात. तिचा हौदा आखूड असतो, पण माणसं आत बसतात. ज्यांना जमत नाही त्यांनी निदान पॉलिसी घेताना आपले गडी किती, त्यांच्यासाठी जादा हप्ता भरला आहे का, हे एजंटकडून कागदावर पाहून घ्यावं. तोंडी 'सगळं कव्हर आहे' याला अर्थ नाही. झाडावर चढणाऱ्या माणसाचा विमा ही तर आणखी वेगळी पॉलिसी. गाडीच्या विम्यात झाडावरून पडणं येत नाही.

लांबीचा प्रश्न लाकडाच्या भावाशी गुंतलेला आहे. सुरूचं सरळ खोड वासा म्हणून, बांधकामाच्या टेकूसाठी विकलं तर बरा भाव येतो. तेच कापून तीन-तीन फुटांचे तुकडे केले की वखारीत सरपणाच्या भावाने जातं. म्हणून मोह होतो की पंधरा फुटांचे वासे नऊ फुटांच्या हौद्यात तिरपे टाकावेत, मागे फाळका उघडा ठेवावा आणि टोकाला लाल फडकं बांधावं. लाल फडकं बांधलं की झालं, हा समज पक्का रुजलेला आहे. २०१९ साली दुरुस्त झालेल्या कलम १९४ मध्ये माल मर्यादेबाहेर मागे, बाजूला किंवा वर निघाला तर २०,००० रुपयांचा दंड लिहिलेला आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. जादा वजनालाही २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. एका फेरीतल्या वाशांच्या जादा भावाशी हा आकडा ताडून पाहिला की चेनसॉ काढून तुकडे करणंच स्वस्त पडतं. भाव खरंच मोठा असेल तर लांब हौद्याची गाडी एका दिवसासाठी भाड्याने घ्यावी.

इथपर्यंत सगळं गाडीचं. आता गाडीतल्या लाकडाचं, आणि हा भाग अधिक घट्ट विणलेला आहे.

झाड तोडायला परवानगी लागते का, याचं एक उत्तर नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याला झाडांची एक यादी जोडलेली आहे: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि तिवर-खारफुटी. यादीतलं झाड स्वतःच्या वाडीत, स्वतःच्या सातबाऱ्यावर असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडायचं नाही. चिंचणीच्या वाडीतला आंबा, चिंच आणि जांभूळ यादीत आहेत. चिकू, नारळ आणि ताड नाहीत. एकाच बांधावरची दोन झाडं, एक कागद लागणारं आणि एक न लागणारं. पालघर आणि डहाणू ही नगरपरिषदांची गावं. तिथे १९७५चा नागरी वृक्ष कायदा लागू होतो आणि अर्ज नगरपरिषदेकडे जातो. त्या कायद्यात २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा देणारी दुरुस्ती झाली. चिंचणी आणि बोईसर ग्रामपंचायती आहेत. रस्त्याकडेचं झाड असेल तर रस्ता बांधकाम खात्याचा की जिल्हा परिषदेचा, हे आधी शोधावं लागतं. ग्रामपंचायतीच्या सदस्याने 'तोड, मी आहे' म्हटलं, तर तो सदस्य पंचनाम्याच्या वेळी तिथे असेलच, असं धरून चालू नये.

आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं असतील तर ठेकेदाराने थेट सौदा करूच नये. डहाणू तालुक्यात हा प्रसंग वारंवार येतो. अडलेल्या वारली शेतकऱ्याकडून मोलाची झाडं कवडीमोलाने घ्यायची, हा इथला जुना धंदा होता, आणि १९६९च्या कायद्याने तो रोखण्यासाठी अशी विक्री जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशी बांधून टाकली. या कायद्याला कुरकुरणारे ठेकेदार भेटतात. त्याचा इतिहास पाहिला तर कुरकुरायला तोंड उरत नाही.

समुद्राकडे सरकलं की नियम बदलतात. किनाऱ्यावरची सुरूची बनं सरकारी लागवडीची असली की तिथे वादळात पडलेल्या झाडालाही हात लावण्याआधी वनखात्याला विचारायचं. पडलं म्हणजे बेवारस झालं असं नाही. खाडीकाठच्या तिवरांचा तर नादच सोडावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीच्या तोडीवर सक्त बंदी पक्की केली. गोदामाला जागा करायची म्हणून कुणी भरपूर पैसे देऊ केले तरी ते काम ठेकेदाराचं नव्हे. आणि अख्ख्या डहाणू तालुक्यावर एक आणखी छत्र आहे. २० जून १९९१च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, ३१ ऑक्टोबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी प्राधिकरण नेमायला सांगितलं, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९मध्ये निधन होईपर्यंत त्याचं काम पाहिलं. वाढवणला होऊ घातलेल्या बंदरालाही या प्राधिकरणाच्या दारातून जावं लागलं. बंदराच्या रस्त्या-रेल्वेमुळे झाडं काढण्याची कामं निघतील. त्या कामांत उपठेकेदार म्हणून शिरणाऱ्याने मुख्य ठेकेदाराकडून परवानगीची प्रत आणि झाडांची क्रमांकांसह यादी हातात घेतल्याशिवाय दोर उलगडू नये. झाडावर रंगवलेला नंबर आणि यादीतला नंबर जुळला नाही तर ते झाड सोडून पुढे जावं.

तोडीची परवानगी हातात आली की लोकांना वाटतं, सुटलो. खरं तर ती परवानगी झाडाच्या बुंध्यापाशी संपते. हौद्यात चढल्यावर लाकडाला दुसरा कायदा लागतो, भारतीय वन अधिनियम, १९२७. इंग्रजांना रेल्वेचे स्लीपर आणि जहाजं यांसाठी इमारती लाकूड हवं होतं, त्यातून ही कायद्यांची मालिका घडली, आणि तिचा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही. या कायद्यात इमारती लाकूड हे 'वनोपज' आहे, मग ते जंगलातून आलं असो वा नसो. तुमच्या परसातला सागही त्यात येतो. (बांबूला मात्र २०१७ साली झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढलं, बांबूवाल्यांची तेवढी सुटका झाली.) त्याहून कडक कलम ६९: माल सरकारचा की खासगी असा वाद निघाला तर तो सरकारचाच धरला जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. चोरी केली हे वनरक्षकाने सिद्ध करायचं नाही. चोरी केली नाही हे टेम्पोवाल्याने सिद्ध करायचं. आणि गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त करण्याचा, पुढे सरकारजमा करण्याचा अधिकार याच कायद्यात आहे. १९६४च्या कायद्याने यादीतलं झाड विनापरवाना तोडल्याबद्दल मूळ दंड ठेवला होता हजार रुपयांपर्यंत. म्हणजे तोडीच्या चुकीला हजार आणि वाहतुकीच्या चुकीला अख्खी पिकअप! कर्जाचे हप्ते चालू असलेली गाडी रेंज ऑफिसच्या आवारात पावसात उभी राहते, आणि बँकेला त्याचं काही देणंघेणं नसतं.

यावर उपाय वाहतूक पासाचा, ज्याला सगळे टीपी म्हणतात. मालकी लाकडाची नोंद होते, वनखात्याचा माणूस येऊन ओंडके मोजतो, त्यांवर हातोड्याचा शिक्का पडतो, मग पास निघतो. त्यावर गाडीचा नंबर, कुठून कुठे आणि किती दिवसांत हे लिहिलेलं असतं. राज्याने काही प्रजातींना पासातून सूट दिलेली आहे आणि ती यादी वेळोवेळी बदलते, म्हणून डहाणू वनविभागाच्या रेंज ऑफिसात विचारून घ्यावं आणि शक्य तर उत्तर लेखी घ्यावं. २९ डिसेंबर २०२३ला केंद्राने देशभरासाठी ऑनलाइन पासाची व्यवस्था सुरू केली. हे चिंचणीला विशेष उपयोगी, कारण गुजरातची हद्द तलासरीच्या पलीकडेच आहे आणि उंबरगाव-वापीकडच्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा म्हणजे राज्य ओलांडायचं. पासावर जो नंबर, त्याच गाडीत माल हवा. ऐनवेळी पिकअप बंद पडली म्हणून भावाच्या टेम्पोत माल हलवला, तर पास खरा असूनही निरुपयोगी. अशा वेळी आधी फोन, मग पासात बदल, आणि शेवटी माल.

सूट असलेल्या झाडांचा माल नेतानाही रिकाम्या हाताने निघू नये. नारळाचं सोलून-तोडून ठेवलेलं खोड ओळखता येतं, पण बाकी लाकडं साल निघाली की कितीक जणांना सारखीच दिसतात. सातबाऱ्याची प्रत, मालकाने सही केलेलं साधं पत्र, आणि झाड उभं असताना व पडल्यावर काढलेले तारखेचे फोटो एवढं मोबाइलमध्ये असलं तरी तपासणीचा अर्धा तास वाचतो.

आणखी दोन गोष्टी कागदाच्या नसून कामाच्या वेळेच्या आहेत. वीजवाहिनीजवळची फांदी महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याखेरीज कापू नये. हायड्राचा बूम किंवा हौद्यात उभ्या केलेल्या शिडीचं टोक तारेकडे जातं तेव्हा वर बघायला कुणी नसतं, सगळे खोडाकडे बघत असतात. आणि पावसाळ्यात बगळ्या-ढोकऱ्यांची घरटी असलेलं झाड आलं तर काम पुढे ढकलावं. वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंही शिकारीच्या व्याख्येत बसवलेलं आहे. कारखान्याच्या व्यवस्थापकाला हे सांगितलं की तोही ऐकतो, कारण नाव त्याच्या कंपनीचं जाणार असतं.

राहता राहिलं फिटनेस. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं मिळतात, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी, त्यानंतर दरवर्षी. जुनी चारशेसात घेणाऱ्याला म्हणजे दर वर्षी आरटीओची फेरी आलीच, आणि त्याआधी रंग, रिफ्लेक्टर, ब्रेक, दिवे हा खर्चही. हा दिवस कॅलेंडरात कुठे पडतो ते गाडी घेतानाच पाहावं. झाडकामाचा हंगाम एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा. फिटनेस मेमध्ये संपत असेल तर तारखेआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच गाडी दाखवून घ्यावी. तीन-चार महिन्यांची मुदत वाया जाते, ती जाऊ द्यावी. विम्याचं नूतनीकरणही त्याच सुमारास आणून ठेवलं की एकदाच काय ती धावपळ होते, आणि मार्चअखेर वाडीवाल्यांचे फोन सुरू होतात तेव्हा गाडी भरायला उभी असते.